मंगळवारी, मोज्यांवर

बूट दाराशी काढायचे, हा एकच नियम.
बाकी नियम नाहीत, तौनो म्हणाला,
आणि मग तासभर नियमच सांगत बसला.

लायब्ररीची मागची खोली, बालविभागाला लागून.
खुर्च्या बुटक्या, गुडघे हनुवटीशी येतात.
सहा माणसं, बारा मोजे, एक थर्मास.
वेलदोड्याच्या पावाचा शेवटचा तुकडा
ताटलीत तसाच, कुणी हात लावत नाही.
खिडकीबाहेर तीनलाच मावळलेला दिवस.
उर्पो दर वेळी तीच कविता आणतो,
एक स्वल्पविराम हलवून.

मी एकतीस वर्षं कागद केला.
गिरणीत, तिसऱ्या पाळीत,
घराएवढी रिळं, हात लावला तर गरम.
एकावरही अक्षर लिहिलं नाही.
गिरणी बंद झाली आणि लिहू लागलो
किराणाच्या पावत्यांच्या पाठीवर.
भिकार कागद. शाई धरत नाही.
बोटांना कळतं.

पहिल्या मंगळवारी आयलीवरची वाचली.
बावीस ओळी. मध्ये आवाज फाटला, सावरला.
शेवटी ती बर्फात विरघळून जाते वगैरे होतं,
ते मला फार आवडायचं.

कुणी बोललं नाही. आमच्याकडे पटकन बोलत नाहीत.
थर्मासचं झाकण फिरलं.
मग राईली, जिनं चाळीस वर्षं गावाचे दात काढले
(माझी अक्कलदाढ तिच्याचकडे गेली),
पेन्सिलीच्या मागच्या टोकानं ओळी ठोकत गेली.
टक. टक.
दुखतं का, असं नाही विचारलं.
"ही पोकळ आहे. हीसुद्धा.
शेवटच्या पाच तर उपटाच."

रागानं मी खाली पाहिलं.
तिच्या डाव्या मोज्याला भोक, अंगठा बाहेर,
अंगठ्याला लालभडक नेलपॉलिश.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. जानेवारीत.

तीन मंगळवार गेलो नाही.
अंगणातला बर्फ उपसला. शेजाऱ्याचाही उपसला.
शेजारी घाबरून विचारायला आला, बरं आहे ना?

चौथ्या सोमवारी रात्री, भांडी विसळताना,
तो अंगठा आठवला,
आणि त्याच्यामागून आयली,
जळक्या बल्बवर मोजा ताणून रफू करणारी.
दाताने दोरा तोडायची.
बल्ब अजून शिवणाच्या डब्यात आहे.
बावीस ओळींत तो कुठेच नव्हता.

बर्फाच्या पाचही खोडल्या.
राईली म्हणाली म्हणून नाही,
असं मोठ्यानं म्हणालो, स्वयंपाकघरात, एकटाच.
तिला पोकळ वाटलेली एक मात्र ठेवली.
ती राहू दे.

काल गेलो. बूट काढले.
तौनोनं न बोलता खुर्ची पुढे ढकलली.
वाचता वाचता बल्बपाशी आलो,
तर राईलीनं पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

झाकण फिरलं. उर्पो खोकला.
"सातव्या ओळीतलं 'खूप' नको," राईली म्हणाली,
आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

पाहिलं. नकोच होतं.
खोडलं, आणि पावाचा तो शेवटचा तुकडा
मी उचलला.