दाद

चॉकलेटी रंगाची ही प्लेट
चॉकलेटची नाही.
मेंढीचं रक्त शिजवलं की असा रंग येतो.
नवी पोरं पहिल्या दिवशी हुंगून बघतात.
मी हसून घेते, मग हातमोजे बदलायला लावते.

हा परम्याचा जंतू फार लाडावलेला.
त्याला माणसाच्या अंगाइतकी ऊब हवी,
ओल हवी, कोंदटलेली हवा हवी.
प्लेटा बरणीत रचायच्या,
वर मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावायचं.
ज्योत विझली की समजायचं, याची सोय झाली.
उघड्यावर ठेवला तर सकाळपर्यंत मरेल,
इतका नाजूक.
आणि औषधाला दाद देत नाही.

वीस्ना काल तिसऱ्यांदा आला.
पहिल्या खेपेला त्याने सगळं सांगून टाकलं होतं:
पाण्याच्या सणाची रात्र, नदीकाठचं बिअरचं दुकान,
नाव विचारायचं राहून गेलेली बाई.
कोलाप सिस्टरने सुई टोचली, गोळ्या दिल्या,
आणि बायकोसाठी चिठ्ठी.
चिठ्ठीवर रोगाचं नाव नसतं.
"या" एवढंच असतं, आणि खोलीचा नंबर.

स्रेमोम आली.
कपड्यांच्या कारखान्यातून, अर्धा दिवस बुडवून,
केसांत कुणाच्या तरी बाह्यांचे निळे धागे.
सुई घेतली, कापूस दाबून धरला,
एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या खेपेला कोलाप म्हणाली, पुन्हा गेलास.
तो म्हणाला, नाही.
तिसऱ्या खेपेला तिने विचारलंच नाही,
नुसती हसली.
तोवर स्रेमोम पोराला घेऊन
ताकेओला बहिणीकडे निघून गेली होती.

आज मी बरणी उघडली.
औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या
जंतूंच्या शेतावर मांडलेल्या असतात.
औषध चालत असेल तर टिकलीभोवती
चंद्राला पडतं तसं खळं पडतं,
त्याच्या आत कुणी पाऊल ठेवत नाही.
एका टिकलीला खळं नव्हतंच.
ते औषध मी नोकरीला लागले तेव्हाच गेलेलं,
पितरांच्या पंधरवड्यात नाव घेतो
तशी आम्ही अजून त्याची टिकली ठेवतो.

दुसरी सुईतल्या औषधाची, शेवटच्या भरवशाची.
पट्टी लावली. पस्तीस मिलिमीटर हवेत.
अठ्ठावीस.
चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला.
अठ्ठावीस.

कुणाला बोल लावू?
बाजारातल्या दुकानात कागदी पुडीत
चार रंगांच्या चार गोळ्या मिळतात,
ताप, खोकला, खालचं दुखणं, सगळ्याला त्याच.
घसा धरला तेव्हा मीही घेतल्या.
दोन खाल्ल्या, बरं वाटलं,
उरलेल्या अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

आमची नदी दर पावसाळ्यात उलटी वाहते,
समुद्राकडे पाठ करून तळ्याकडे.
तिला कुणी विचारत नाही, कुठे गेली होतीस.

रिपोर्टात मिलिमीटरसाठी रकाना आहे.
पहिल्या वेळचं त्याचं होतं,
तिसऱ्या वेळचं नव्हतं,
हे लिहायला रकाना नाही.
कोलापने कागद दोनदा वाचला,
मग उगाच कापसाचा डबा सारखा केला.

वीस्ना बाकावर बसून होता.
पुढची सुई कोणती, ते त्याने विचारलं नाही.
बरं झालं, मला तरी कुठे ठाऊक आहे.
त्याने एवढंच विचारलं:
हा कागद ताकेओला नेला, तर तिला कळेल?

कसं कळेल. आकडे आणि परक्या भाषेतली अक्षरं.
मी कागद उलटा केला,
पेनाने एक मोठं वर्तुळ काढलं,
शेजारी एक लहान.
म्हटलं, हे असं असायला हवं होतं.
हे असं आहे.

तो बराच वेळ लहान वर्तुळाकडे बघत राहिला.
मग त्यात बोट ठेवून म्हणाला,
म्हणजे मी इथे नाही ना?