चंद्रकळा, सातशे वीस नॅनोमीटर

तापकीर गल्लीतल्या दुकानात मी जुना कॅमेरा मागितला,
जितका जुना तितका बरा.
खिशातून घरच्या टीव्हीचा रिमोट काढला,
भिंगासमोर धरून आवाज वाढवायचं बटण दाबलं.
स्क्रीनवर एक जांभळट ठिपका लुकलुकला.
"हाच द्या," म्हटलं.
दुकानदारानं नोटा मोजल्या, माझ्याकडे पाहिलं,
आणि परत मोजल्या.

फिल्टर म्हणजे काळी काच.
उन्हासमोर धरली तरी पलीकडचं काही दिसेना.
उल्का म्हणाली, "कढईचं झाकण आणलंस का?"
तिला सांगितलं, तांबड्याच्या पुढेही प्रकाश असतो,
पानं तो ठेवून घेत नाहीत, जवळजवळ सगळा परत करतात,
आपल्याला त्याची पावती मिळत नाही एवढंच.
बँकेत एकतीस वर्षं काढल्यावर माणूस असाच समजावतो.
"म्हणजे उष्णतेचा फोटो?"
नाही.
हे नाही मी आजवर अकरा जणांना म्हटलंय.

पहिले पंधरा दिवस नुसतं तांबडं.
सोसायटीच्या लॉनवर गुडघे टेकून
कॅमेऱ्याला पटवायचं की हे गवत म्हणजेच पांढरं.
वॉचमन ढावरे दोनदा विचारून गेला, "साहेब, काय हरवलंय?"
कोरा चहा ग्लासात पाण्यासारखा उतरला,
माझ्या मनगटावर शिरा उमटल्या,
मुठेला येऊन मिळणारे ओढेच जणू,
आता ज्यांच्यावर पार्किंग आहे ते.

मग ऑक्टोबर हीट. भर दुपारी
पेठेतल्या दुकानांनी शटर खाली ओढलं
आणि वेताळ टेकडीवर मी माझं उघडलं.
तीस सेकंद.
आधी चौकट, मग फोकस, मग काच फिरवून बसवायची,
त्यानंतर काही न दिसता नुसते आकडे मोजायचे.
म्युच्युअल फंडावर बोलत दोघं समोरून गेले,
फोटोत ते नाहीत.
कुत्रा बसून होता म्हणून आहे.
खाणीतलं पाणी डांबर, आभाळ त्याहून गडद,
आणि कडेचं गिरिपुष्प
नुकत्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखं.

उल्का चंद्रकळा नेसून आली होती.
काळंच नेस, मीच म्हटलं होतं.
संक्रांतीची साडी, ऑक्टोबरात, खाली चालायचे बूट:
"ओळखीचं कुणी भेटलं तर तू बोलायचंस."
हलू नकोस म्हटलं.
अठराव्या सेकंदाला मोर ओरडला
आणि तिनं मान वळवली.

रात्री स्क्रीनवर लाल-निळ्याची अदलाबदल केली.
साडी काळी नव्हतीच.
ताकावरच्या निवळीसारखी फिकट,
रंगाऱ्यानं दिलेला काळा
फक्त आपल्या डोळ्यांपुरता होता.
सव्वीस वर्षं नाव घेत आलो, चंद्रकळा,
आणि चंद्राची कधी चौकशी केली नाही.
मधोमध, तिच्या खांद्याच्या जरा मागे,
एक उजळ गोल डाग.
भिंगाचा दोष आहे, काही भिंगांना असतो,
पुसायला दोन मिनिटं लागतात.
मी फाईल तशीच सेव्ह केली.

ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.
"आणि माझा चेहरा?"
चेहरा हलला होता,
दोन नाकांच्या मधे कुठेतरी एक हसू.
"मोराकडे बघत होतीस."
"मग मोर कुठंय?"
मोर चौकटीच्या बाहेर होता.
"बरं," ती म्हणाली, "बातम्या लाव,"
आणि आम्ही दोघं रिमोट शोधू लागलो,
जो अजून कॅमेऱ्याच्या पिशवीत होता.