काल्योचं कोठार

हेल्मीबाईंनी पहिल्याच मंगळवारी
माझ्या पेटीतली काळ्या रंगाची ट्यूब
स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकली.
“सावली काळी नसते, एंदेल.”
चाळीस हिवाळे सारेमा बेटावर
बर्फ ढकलायचा ट्रक चालवला मी,
मला सावली शिकवता?
पण बोललो नाही.
वाचनालयाचा माळा, जॅमच्या बरणीत पाणी,
आणि हातात कुंचला, जणू कुणी
तान्हं मूल दिलंय धरायला.

“घरून करून आणा. एक शेत, एक झाड, एक इमारत.”
माझ्या खिडकीतून दिसतं काल्योचं कोठार.
दुसरं काही दिसतच नाही,
तेच तर भांडण.
तीन वाजले की त्याची सावली
न विचारता कुंपण ओलांडते,
माझ्या बटाट्यांच्या वाफ्यावर आडवी होते.
एकतीस वर्षं. नगरपालिकेत दोन अर्ज.
तिथला बर्फ सगळ्यात शेवटी वितळतो.

पहिलं चित्र बघून बाई म्हणाल्या,
“आकाशात सूर्य किती?”
“एक.”
“तुमच्या कागदावर दोन आहेत.”
झाडाची सावली डावीकडे गेली होती,
कोठाराची उजवीकडे.
बर्फासाठी पांढरा रंग मागितला, तर
“तो कागदच आहे. ऊन असेल तिथे हात लावू नका.”

बर्फ दिसला की बाजूला सारायचा,
जन्मभर हेच केलं.
आहे तसा राहू देणं
फार अवघड.

मग बसलो खिडकीशी, दुपारभर.
निळी होती. खरंच निळी,
साय काढल्यावरच्या दुधासारखी.
काल्योच्या भिंतीशी धारदार,
माझ्याकडे येता येता कड मऊ,
वाफ्यावर चढताना वाकते,
उतरताना पुन्हा सरळ.
एकतीस वर्षांत हे बघितलं नव्हतं,
नुसती मोजली होती. पावलांनी.

गुरुवारी काल्यो शिडी लावून वर चढला,
पहारीने छपराची फळी उचकटू लागला.
मी सपातांवरच बाहेर पळालो.
“थांब!”
अकरा वर्षांतला आमच्यातला पहिला शब्द.
“काय झालं?”
“वाळली नाही अजून.”
“काय?”
“सावली.”

तो वरून बघत राहिला.
माझ्या हातातल्या कुंचल्यावरून
एक निळा थेंब बर्फात पडला.
“किती दिवस लागतील?”
“बाई म्हणतात, घाई करायची नाही.”

त्याने पहार खांद्यावर घेतली.
शिडीची सावली, आणि शिडीवर तो,
माझ्या बटाट्यांवर लांबच लांब.
हे चित्रात नव्हतं.
आता घ्यावं लागणार.