झाले नदीखाली

नदीचं नाव झाले.
माझ्या भाषेत ते ऐकलं की वाटतं, संपलं सगळं.
तिच्या खाली पाचशे मीटरवर
काहीच संपलेलं नाही.

ओर्ट्रूनच्या तळघरात मिठाचा एक दंडगोल,
करड्या ढगांच्या पट्ट्यांचा,
रबरी अंगरख्यात, कोमट तेलात उभा.
चौदा महिने. डोक्यावर पोलादी दट्ट्या.
ती भार वाढवते, मीठ आधी दचकून पळतं,
मग सवयीने चालू लागतं.
ती भार उतरवते, मीठ थांबतं.
अकरा दिवस अक्षरशः मिठाची गुळणी.
बाराव्या दिवशी काटा हलतो,
केसाच्या जाडीचा कितवा तरी हिस्सा.

तिच्या समीकरणाला हे अकरा दिवस माहीत नव्हते.
आज जेवढा भार, आज तेवढा वेग;
कालशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.
म्हणून तिने त्यात एक अक्षर घातलं,
बाहेरून मोजता न येणारं,
सोसताना वाढणारं, विसरताना फार रेंगाळणारं.
टोर्बेन विचारतो, हे म्हणजे नक्की काय?
स्फटिक चालत नाही रे, ती म्हणते,
त्याच्यातल्या चुका चालतात.
एकमेकींत अडकतात.
तो गुंता म्हण.

गुरुवारी लोथार मेवेस आले,
बेकरीच्या पिशवीत सहा वह्या आणि खसखशीचा केक घेऊन.
एकतीस वर्षं त्यांनी सात नंबरच्या दालनात
समोरासमोरच्या दोन खिळ्यांमधलं अंतर मोजलं,
दर महिन्याला, बोथट पेन्सिलीने.
चार मीटर एकशे बारा.
चार मीटर एकशे अकरा.
चार मीटर एकशे दहा, आणि समासात: दिवा खराब.

एकोणनव्वदचा नोव्हेंबर कोरा.
डिसेंबरही.
ओर्ट्रूनने विचारलं, आजारी होतात?
नाही. आम्ही सगळे वर होतो.
जानेवारीत उतरलो तर खिळे
तीन मिलिमीटर जवळ आलेले.
भिंतींना कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग ते केक कापताना, कुणी न विचारता,
भाऊ त्याच थंडीत कासेलला गेला म्हणाले.
आधी दर आठवड्याला पत्र.
मग महिन्याला.
आता नाताळला दोन ओळी.
थांबलेलं नाही म्हणा.

टोर्बेनने आकडे भरले.
पडद्यावर रेघ वहीच्या ठिपक्यांमधून चालत गेली,
कोऱ्या महिन्यांवरूनही गेली, न अडखळता,
फक्त जानेवारीचा ठिपका
रेघेच्या जरासा वर राहिला.
टोर्बेन म्हणाला, काढून टाकू?
ओर्ट्रून म्हणाली, हात लावू नकोस.

खिळे एकमेकांना कधी भेटतील? मेवेसांनी विचारलं.
भार असाच राहिला तर साधारण तीनशे वर्षं.
आणि नाही राहिला तर?
ती दट्ट्याकडे बघत राहिली.
उद्या सकाळी तिला भार पुन्हा वाढवायचा होता.

मेवेसांनी पिशवी घडी घालून खिशात ठेवली.
वह्या असू दे इथेच, म्हणाले.
पेन्सिल मात्र परत मागितली,
मग विचार बदलला,
आणि ती त्या कोऱ्या पानांत खूण म्हणून
सरकवून दिली.