वर कुठली बाजू

मुंबई नाक्याजवळ तिसऱ्या मजल्यावर
काचेच्या अलीकडे बसून मी नकाशे काढते.
मुलूख मूठभर,
आज पगारनानांचा.
नोटप्रेसमधून निवृत्त, भूल अर्धीच, गप्पा पूर्ण.

टेबलावर आल्या आल्या हृदय शहाणं झालं,
पाहुणे आले की पोरगं होतं तसं.
बहात्तर. बहात्तर. बहात्तर.
असल्या शहाणपणाचा नकाशा निघत नाही.
जे घालवायचं ते आधी बोलवावं लागतं.

ढिकले मॅडमनी मांडीतून वर नेलेल्या तारेनं डिवचलं,
एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा उठलं. एकशे बावन्न.
"आली बघा," नाना म्हणाले, "जिन्यात गाठते ती हीच."
"हलू नका नाना, पत्ता घेतोय तिचा."

तारेचं टोक टेकतं तिथे एक ठिपका.
वीज लवकर पोचली तर लाल,
मग पिवळा, हिरवा, सगळ्यात उशिरा जांभळा.
आणि जिथे काहीच बोलत नाही, तिथे राखाडी.

राखाडीची एक लांब पट्टी निघाली.
त्र्याहत्तर साली, दहा वर्षांच्या नानांचं
शिवलेलं भोक.
त्या टाक्यांनी पन्नास वर्षं दिली
आणि त्या टाक्यांनाच वळसे घालत होती वीज,
रात्री आठला द्वारका सर्कलला रिक्षा फिरते तशी,
सुटायचा रस्ता दिसतो
पण कोणी सुटू देत नाही.
लाल जांभळ्याला जाऊन भिडत होता,
शेवट सुरुवातीला.

एक हजार तीनशे अठ्ठेचाळीस ठिपक्यांनंतर
पट्टीत फट दिसली. चार मिलिमीटर.
मी पडद्यावर बोट ठेवलं. "इथे."
दुपारभरातला माझा बहुतेक एवढाच शब्द.

चटका. पाचव्या सेकंदाला ती थांबली.
मग एक सपाट रेघ, क्षणभराची.
कितीदा पाहिली,
तिच्यात मला श्वास घेता येत नाही.
बहात्तर.

अर्धा तास वाट पाहायची, परत येते का.
नाना मोजत होते.
"अडीचशेनंतर चुकलो, ताई.
प्रेसमध्ये असतो तर गेट उघडलं नसतं."

बाहेर काकूंनी नकाशाची प्रत मागितली.
उलटी धरली, सुलटी धरली.
"ह्याची वर कुठली बाजू?"
दाखवली.
"आणि हे राखाडी?"
"जुने टाके."
"ते नाही काढले?"
"नाही. ते राहतात."
बरं, म्हणाल्या,
चार घड्या घालून पिशवीत ठेवला,
बसच्या पासखाली.