दीड इंच

नाना पेठेतल्या दुकानात
मी चपला काढून कोरड्या टबात आडवी झाले,
साडी घोट्यांशी आवळून.
सेल्समन म्हणाला, मधोमध भोकाचा घ्या मॅडम,
दोघांना समोरासमोर बसता येतं.
मुकुंद लगेच
नळांच्या किमती वाचायला लागला.

मधोमधचं भोक नेमकं माकडहाडाशी आलं,
आणि मला बँकेतली खुर्ची आठवली,
एकतीस वर्षं जिचा एक स्क्रू वर आलेला होता.

दस्तगीर मिस्त्री टेप उलगडत
एवढंच विचारतो : डोकं कुठे?
आधी डोकं सांगा.
मग पाय आपोआप ठरतात,
पायाशी भोक, भोकावर नळ.
बावधनच्या एका साहेबांनी डोक्याशी नळ घेतला,
वर्षभर टाळूवर टेंगूळ घेऊन हिंडले.

मुकुंद मोबाइलमध्ये दिशा शोधतो.
उत्तरेला डोकं नको.
अहो, मी नुसती भिजणार आहे, म्हणते मी.
बाथरूम पूर्व-पश्चिम निघतं,
त्याचा जरा हिरमोड होतो.

धनकवडी, तिसरा मजला.
पूर्वेला दार, दाराशेजारी डक्ट.
पश्चिमेला खिडकी,
खिडकीत तळजाईचा तुकडा,
वापरून झिजलेल्या साबणाएवढा.

भोक दाराकडे घेतलं तर पाइप हातभर.
पाणी निघालं की गेलं.
स्वस्त, सरळ, मिस्त्रीचंही मत तेच.
पण मग पाय दाराकडे, तोंड दाराकडे.

दार मी पुष्कळ पाहिलंय.
दूधवाला, सिलिंडर, मुलीची रिक्षा,
सासऱ्यांची काठी दोनदा वाजली की चहा.
डोळ्यांत शिकेकाई गेलेली असतानाही
एक कान कडीवर.

भोक खिडकीकडे, मी म्हणाले.

मग पाणी साडेपाच फूट उलटं आणावं लागेल,
टबाच्या पोटाखालून, डक्टपर्यंत.
फुटाला पाव इंच उतार.
खालचे गुळवणी त्यांच्या छताला हात लावू देणार नाहीत
(तसं पत्र त्यांनी दिलंय,
मी विचारायच्या आधीच, पोच घेऊन).
म्हणजे टबच उचलायचा.
दीड इंच, मिस्त्री म्हणाला,
आणि माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

रात्री मी पाटाखाली काडेपेट्या लावून
चढून बघितलं, उतरून बघितलं.
गुडघा कुरकुरला.
तो पाट नसतानाही कुरकुरतो.

टब बसला, सिलिकॉन वाळलं, बुधवार आला.
गुरुवारी पाणी बंद, पेपरात आलं होतंच.
मुकुंदने बूच दाबून
वरच्या जाळीपर्यंत टब भरून ठेवला.
गुरुवारभर आम्ही त्यातून तांब्याने पाणी काढलं,
भांड्यांना, वरणाच्या कुकरला, कुंड्यांना.
संध्याकाळी गुळवणी आले, दोन बादल्या घेऊन.
वाकून आधी भोक बघितलं,
बादल्या भरल्या,
आणि जाताना म्हणाले,
ओघळ काही आला नाही अजून.
धनकवडीत याला कौतुक म्हणतात.

शुक्रवारी पहाटे,
उरलेल्या घोटाभर पाण्यात
गीझरच्या चार बादल्या ओतून मी आत गेले.
डोकं दाराकडे. मागे काय चाललंय, दिसत नाही.
बेल वाजली.
मुकुंदच्या सपाता फटफटत गेल्या.
साबणाच्या तुकड्यावर कुणीतरी लाल बनियन घालून
पळत होतं, थांबत होतं,
कमरेवर हात ठेवून पुन्हा पळत होतं.

पाणी कोमट झाल्यावर
पायाच्या अंगठ्यात साखळी अडकवून
मी बूच ओढलं.
पाणी आधी डोंगराकडे गेलं,
पायाशी गर्रकन फिरलं
आणि माझ्या पाठीखालून, मणका मणका मोजत,
दाराकडे निघालं.
मी पडून राहिले.
बेल पुन्हा वाजली.