आतली पंगत

सकाळी आठला लक्ष्मीपुरीतल्या लॅबचं शटर
अर्धं वर जातं, आणि डब्या येऊ लागतात.
काडेपेटीत, बामच्या बाटलीत, एकदा तर
कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात.
लोक नाव सांगतात, वय सांगतात, नजर चुकवतात.
सतरा वर्षं झाली. नाकाला आता काही वाटत नाही.
काचेवर चिमूटभर पसरते, आयोडीनचा थेंब,
आणि भिंगाखाली येतं कुणाचं तरी परवाचं जेवण:
घेवड्याची साल, टोमॅटोचा पापुद्रा,
पेशी तशाच, कोरीव, एकीला एक लागून.
मी लिहिते, ‘वनस्पती पेशी: आहेत.’
डॉक्टर ती ओळ वाचतही नाहीत.

आणि घरी माझा सम्मेद, पाच वर्षांचा,
चौथा दिवस, संडासात पाय हलवत बसलेला.
दाराबाहेर मी, हातात एरंडेल.
‘झाली का रं?’
‘न्हाई.’
पाव खातो, बिस्किटं खातो,
गंगावेशीचं दूध फेसासकट पितो,
भाजी मात्र ताटाच्या काठाला सरकवतो,
शेजाऱ्याचा बांध कोरावा तशी,
रोज थोडी थोडी.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी डबा लिहून दिला.
नऊशे चाळीस रुपये. वर हसरं गोरं बाळ.
सासूबाई म्हणाल्या, वाच बघू काय घातलंय.
‘चिकोरीच्या मुळाचा तंतू.’
‘मुळाचा?’
‘मुळाचा.’
डबा ओट्यावरून खाली फरशीवर गेला.
त्यांच्या ताटात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही.
सुईच्या टोकावर मावेल एवढ्या मुळात
अनंत जीव, म्हणतात त्या.

मला हसू आलं नाही.
मी रोज बघते ते जीव. मुळात नव्हे,
आपल्यात.

कणीक मळता मळता सांगितलं:
आत्याबाई, पोरग्याच्या आतड्यात बी वस्ती हाय.
आपल्याला जे पचत नाही
त्यावर त्यांची चूल पेटते.
हा मैदा वरच्या वरच फस्त होतो,
खाली काही पोचतच नाही.
पानं मांडलेली, आणि वाढपी फिरकत नाही.

त्या गप्प. दिवस बुडायच्या आत जेवल्या,
हात धुतले, पदराला पुसले.
‘दारात बसवून उपाशी ठेवायचं,’ म्हणाल्या,
‘ही बी हिंसाच की गं.’

दुसऱ्या दिवशी स्वतः गेल्या कपिलतीर्थाला.
गगनबावड्याच्या तानूबाईकडून मापटंभर हुलगे,
कच्ची केळी, एकेक दाबून बघत,
पिकायला लागलेलं एक परत केलं.
संध्याकाळी माडगं शिजलं, गुळाचा खडा घालून.
सम्मेदनं वास घेतला.
‘ह्ये घोड्याला घालत्यात.’
‘तुला कुठं देतोय?’ सासूबाई म्हणाल्या.
‘तुझ्या पोटातल्या पावण्यांना हाय.
तू नुसता वाढपी.’

वाढपी!
त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला,
चमचा उचलला, बेंबीकडं बघून म्हणाला,
‘घ्या घ्या, लाजू नका.’

तीन दिवस काही नाही.
चौथ्या दिवशी बालवाडीतून बाईंचा फोन.
प्रार्थनेच्या वेळी वाजलं म्हणे, चांगलं मोठ्यानं,
आणि हा डोळे न उघडता बोलला,
‘पावण्यांनी ढेकर दिली.’

मग कधीतरी झालं सगळं सुरळीत.
मी लॅबमध्ये होते, मला नंतर कळलं.
भाजी अजून सरकवतो. केळ्याचे काप तेवढे खातो.
डबा फरशीवरच आहे, सीलसकट,
परत घेत नाहीत दुकानवाले.

काल रात्री सासूबाईंनी विचारलं,
त्या भिंगात ते जेवताना दिसतात का गं?
म्हटलं, नाही. नुसते हलताना दिसतात, ठिपके.
‘बरं झालं,’ म्हणाल्या,
‘कुणी जेवत असलं
की टक लावून बघू नये.’